ठोका आणि गुठळी

१९१२ साली कारेल वेंकेबाख या डच हृदयवैद्याकडे एक व्यापारी आला. त्याची नाडी मधूनच भरकटायची, कुठलाच ताल धरायची नाही, आणि मग आपोआप ताळ्यावर यायची. फार त्रास होतो का, असं विचारल्यावर तो म्हणाला, तसा फार नाही. पण आपण डच व्यापारी आहोत, धंद्यात सगळं जागच्या जागी लागतं, तेव्हा हृदयाचा कारभारही नीट चालावा एवढंच मागणं आहे. आणि एवढंही जमत नसेल तर हृदयाचे तज्ज्ञ असतात तरी कशाला, असा त्याचा रोकडा सवाल होता. वेंकेबाखला काहीच हमी देता येईना. तेव्हा व्यापारी म्हणाला, झटका कसा घालवायचा ते मला ठाऊक आहे, उद्या सकाळी सुरळीत नाडी घेऊन येतो. दुसऱ्या दिवशी तो तशी नाडी घेऊन आलाही. मलेरियाच्या मुलखांत त्या काळी क्विनीन हे कुठल्याही दुखण्यावरचं औषध होतं. भारतातही त्याच्या पुड्या पोस्टात विकत मिळत. एक ग्रॅम क्विनीन घेतलं की वीस-पंचवीस मिनिटांत नाडी सरळ होते, हे त्या गृहस्थाने स्वतःच्याच शरीरावर शोधून काढलं होतं.

वेंकेबाखने ही हकिगत १९१४ च्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली. चार वर्षांनी, १९१८ मध्ये, वाल्टर फ्राय या डॉक्टरने सिंकोना झाडाच्या सालीतल्या अल्कलॉइडांची तुलना केली आणि त्यातलं क्विनिडीन सर्वांत गुणकारी ठरवलं. बेताल हृदयाला तालावर आणणारं पहिलं आधुनिक औषध असं रुग्णाच्या खिशातून वैद्यकात आलं.

व्यापाऱ्याला ताल हवा होता. या आजारात आणखी एक प्रश्न दडलेला असतो: थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली तर काय? तो प्रश्न त्याच्या मनात नव्हता आणि त्या दिवशी डॉक्टरच्याही मनात नव्हता. एट्रिअल फिब्रिलेशनच्या उपचारांचा इतिहास बराचसा या दोन प्रश्नांच्या गल्लतीचा इतिहास आहे, आणि त्या गल्लतीची किंमत माणसांनी लुळ्या पडलेल्या हातापायांनी आणि हरवलेल्या वाचेने मोजली आहे.

एट्रिअल फिब्रिलेशन, दवाखान्यातल्या बोलीत एएफ, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांनी, अलिंदांनी, आकुंचन सोडून नुसतं थरथरत राहणं. एरवी उजव्या अलिंदातल्या एका बिंदूतून मिनिटाला साठ ते शंभर वेळा विजेची लहर निघते आणि क्रमाने खाली पसरते. एएफमध्ये मिनिटाला ३५० ते ६०० लहरी अलिंदांत वाटेल तशा फिरत असतात. अलिंद आणि खालचे निलय यांच्यामधला एव्ही नोड त्यातल्या बहुतेक अडवतो, पण ज्या सुटतात त्यांना कसलाच क्रम नसतो. म्हणून नाडी जलद चालते आणि दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी वेगळं लागतं. कुणाच्या छातीत धडधडतं, कुणाला जिना चढताना दम लागतो, कुणाला दिवसभर गळून गेल्यासारखं होतं. अनेकांना मात्र काहीच जाणवत नाही. त्यांच्यातल्या काहींना आपला आजार कळतो तो थेट अर्धांगवायूचा झटका आल्यावर.

नाडीची ही बेतालता वैद्यांच्या बोटांना फार पूर्वीपासून माहीत होती. विल्यम हार्वीने १६२८ च्या ग्रंथात मरणाऱ्या प्राण्यांच्या हृदयात सगळं थांबल्यावरही उजवं अलिंद थरथरत राहतं हे लिहून ठेवलं. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचा वैद्य झाँ-बातिस्त द सेनाक याने १७४९ मध्ये हट्टी धडधडीचा संबंध हृदयाच्या झडपेशी जोडला आणि तिच्यावर सिंकोनाची साल वापरली. म्हणजे डच व्यापाऱ्याची युक्ती दीडशे वर्षांहून जुनी होती आणि वैद्यक ती विसरलं होतं.

इंग्लंडमधल्या डॉक्टर विल्यम विदरिंगची गोष्ट सर्वांना थोडीबहुत ठाऊक असते. १७७५ मध्ये श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीचा अंगावरच्या सुजेवरचा घरगुती काढा त्याच्याकडे मतासाठी आला. काढ्यात वीसेक वनस्पती होत्या. वनस्पतिशास्त्राचा जाणकार असल्याने गुण फॉक्सग्लोव्हचा, म्हणजे डिजिटॅलिसचा, हे त्याने लगेच ओळखलं. मग दहा वर्षं तो मात्रा तपासत राहिला आणि १७८५ मध्ये आपले अनुभव, फसलेले उपचारही न लपवता, त्याने छापले. त्या म्हातारीला पुढे एक नाव मिळालं, चित्रंही निघाली. ते सगळं विसाव्या शतकातल्या एका औषध कंपनीच्या जाहिरातीचं देणं आहे. खऱ्या बाईचं नाव कुणीच लिहून ठेवलं नाही, ही खेदाची गोष्ट. या वनस्पतीचा हृदयाच्या गतीवर मोठा अंमल चालतो हे विदरिंगला दिसलं होतं. तो कसा, हे समजायला आणखी सव्वाशे वर्षं लागली: डिजिटॅलिस एव्ही नोडवर काम करतं आणि खाली सुटणाऱ्या लहरी कमी करतं. अलिंद थरथरतच राहतं, पण नाडी संथ होते. १९३० मध्ये दुसऱ्या जातीच्या फॉक्सग्लोव्हपासून वेगळं केलेलं डिगॉक्सिन आजही त्याच कामासाठी दिलं जातं.

बेताल नाडीचं कोडं सोडवणाऱ्यांत सर्वांत मोठा माणूस कुठल्या विद्यापीठात नव्हता. जेम्स मॅकेन्झी हा बर्नली या गिरणी-कामगारांच्या गावातला साधा प्रॅक्टिशनर. एक हृदयरोगी बाई बाळंतपणात त्याच्या डोळ्यांदेखत गेली आणि तिचं हृदय का खचलं हे आपल्याला आधी ओळखता आलं नाही, ही टोचणी त्याला लागली. त्याने मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेची हालचाल एकाच वेळी कागदावर उतरवणारं यंत्र बेतलं आणि एका घड्याळजीकडून त्याची शाईने रेघ काढणारी आवृत्ती करून घेतली. खेड्यापाड्यांत, रुग्णाच्या बिछान्याशी नेता येईल असं ते यंत्र होतं. एका गावात वर्षानुवर्षं राहण्याचा मोठा फायदा त्याला मिळाला: तीच माणसं पुन्हा पुन्हा तपासता आली. १८८० पासून पाहत असलेल्या एका झडपेच्या रोग्याच्या आलेखात अलिंदाच्या आकुंचनाची लाट नेहमी दिसायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्या रोग्याची नाडी बेताल झाली आणि ती लाट नाहीशी झाली. अलिंद काम करेनासं झालंय, एवढं मॅकेन्झीने ओळखलं. त्याने त्याला अलिंदाचा लकवा म्हटलं.

लकवा नव्हता, थरथर होती. हे सिद्ध व्हायला लायडनच्या विलेम आइन्टोव्हेनचं तारेचं गॅल्व्हानोमीटर यावं लागलं. सुमारे पावणेतीनशे किलो वजनाचं, चालवायला पाच माणसं लागणारं ते यंत्र रुग्णालयात नेणं अशक्य होतं. म्हणून रुग्णालयातल्या रोग्याच्या हृदयाची वीज दीड किलोमीटर लांबच्या प्रयोगशाळेत टेलिफोनच्या तारेतून आणली गेली. १९०६ मध्ये त्याने छापलेल्या आलेखांत एएफचा आलेखही होता, पण नेमका अर्थ लावला तो १९०९ मध्ये लंडनच्या थॉमस लुईसने, आणि त्याच वर्षी व्हिएन्नात रोथबर्गर आणि विंटरबर्ग यांनी. लुईस तेवढ्यावर थांबला नाही. बेताल नाडीचे घोडे शोधून त्यांची छाती उघडून थरथरणारं अलिंद त्याने प्रत्यक्ष पाहिलं. प्रयोगशाळेतली दुर्मिळ गोष्ट समजली जाणारी ही अवस्था माणसांत सर्रास आढळणारा आजार आहे, हे तेव्हा कुठे मान्य झालं.

आजार कळला आणि क्विनिडीनही हाती आलं. विसाच्या दशकात डॉक्टर उत्साहाने अलिंदं तालावर आणू लागले. मग नको ते दिसायला लागलं. काही रुग्णांचा ताल परत आला आणि त्यानंतर त्यांना अर्धांगवायू झाला. बऱ्याच काळाने आकुंचन पावणाऱ्या अलिंदातून आत साठलेली गुठळी सुटून मेंदूकडे गेली, असा अंदाज बांधला गेला. तो बरोबर होता, पण अपुरा होता. ताल आल्यावरही अलिंद कित्येक दिवस सुन्नच असतं आणि त्या दिवसांत नवी गुठळी धरते, हे खूप पुढे समजलं.

१९६२ मध्ये बॉस्टनच्या बर्नार्ड लाउनने ठोक्याच्या नेमक्या क्षणी डायरेक्ट करंटचा झटका देऊन ताल परत आणण्याची रीत मांडली. औषधाने तास-दिवस लागायचे, ते आता क्षणात होऊ लागलं. विजेच्या झटक्यानंतरही तोच धोका होता. १९६९ मध्ये नॉर्वेतल्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांचा हिशेब मांडला. रक्त पातळ करणारं औषध न घेणाऱ्यांपैकी ५.३ टक्क्यांना झटक्यानंतर गुठळीचा फटका बसला होता, घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्क्यांना. झटक्याआधी तीन आठवडे आणि नंतर चार आठवडे रक्त पातळ ठेवण्याचा आजचा नियम त्या धड्यातून आला.

ते औषध गोठ्यातून आलं होतं. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात गुरं रक्तस्राव होऊन मरू लागली. शिंग कापलं, खच्चीकरण केलं की रक्त थांबायचंच नाही. फ्रँक स्कोफिल्ड या पशुवैद्याने कारण शोधलं: बुरशी चढलेली स्वीट क्लोव्हरची वैरण. फेब्रुवारी १९३३ मध्ये, ऐन हिमवादळात, विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड, दुधाच्या कॅनभर न गोठणारं रक्त आणि ती वैरण ट्रकमध्ये घालून तीनशे किलोमीटर लांबच्या मॅडिसनला पोचला. शनिवार असल्याने सरकारी पशुवैद्याचं कार्यालय बंद होतं. उघडं दार सापडलं ते कार्ल पॉल लिंक या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेचं. लिंक त्याला वैरण बदला यापलीकडे काहीच सांगू शकला नाही. हताश होऊन परत गेलेल्या त्या शेतकऱ्याची आठवण त्याच्या प्रयोगशाळेला सुखाने बसू देईना. १९३९ मध्ये वैरणीतलं द्रव्य स्फटिकरूपात हाती आलं: डायकुमारॉल. त्याच कुळातलं वॉरफरिन १९४८ मध्ये बाजारात आलं ते उंदीर मारायचं औषध म्हणून. १९५१ मध्ये अमेरिकी लष्करातल्या एका जवानाने जीव देण्यासाठी ते खाल्लं आणि व्हिटॅमिन के देऊन तो पूर्ण बरा झाला. विषाला उतारा आहे म्हटल्यावर डॉक्टरांना धीर आला. १९५४ मध्ये माणसांसाठी परवानगी मिळाली आणि दुसऱ्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही ते दिलं गेलं.

एवढं सगळं हाताशी असूनही एएफच्या बहुतेक रुग्णांना पुढची तीस वर्षं वॉरफरिन मिळालं नाही. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. झडप खराब असलेल्या रुग्णांत गुठळी होते हे सर्वांना मान्य होतं. झडप चांगली असेल तर बेताल नाडी ही वयाची खोड, फार मनावर घेऊ नये, असा समज होता. तो मोडला फ्रेमिंगहॅममध्ये. मॅसॅच्युसेट्समधल्या या गावातल्या पाच हजारांहून अधिक माणसांची १९४८ पासून नियमित तपासणी चालू होती. १९७८ मध्ये तिथले आकडे आले: झडपेचा आजार नसतानाही एएफ असलेल्यांत पक्षाघाताचं प्रमाण पाचपटीहून जास्त होतं, झडपेचा आजार सोबत असेल तर सतरापट. साध्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या त्या नोंदवहीने जितके मेंदू वाचवले तितके कुठल्याही चमकदार यंत्राने वाचवले नसतील.

मग चाचण्यांची रांग लागली. १९८९ मध्ये कोपनहेगनची, पाठोपाठ बॉस्टन आणि अमेरिकेतल्या इतर केंद्रांची. निष्कर्ष विलक्षण एकसारखे होते: वॉरफरिनने पक्षाघाताचा धोका सुमारे दोन-तृतीयांशाने घटतो. ॲस्पिरिनचा फायदा याच्या जवळपासही येत नाही. तरी म्हाताऱ्या माणसाला ॲस्पिरिनच बरी, निदान ती सौम्य, ही समजूत चिवट निघाली. २००७ मध्ये इंग्लंडमध्ये ७५ वर्षांवरच्या ९७३ रुग्णांवर झालेल्या चाचणीत वॉरफरिनने पक्षाघात निम्म्याने कमी झाले आणि मोठ्या रक्तस्रावात दोन्ही औषधांत दखल घेण्याजोगा फरक दिसला नाही.

ताल परत आणणाऱ्या औषधांची कथा याच्या नेमकी उलट झाली. १९९० मध्ये क्विनिडीनच्या सहा चाचण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. वर्षअखेर तालात असणाऱ्यांचं प्रमाण औषधाने २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलं होतं. मात्र मृत्यूंचं प्रमाण ०.८ टक्क्यांवरून २.९ टक्के झालं होतं. व्यापाऱ्याच्या गोळीने ताल मिळत होता आणि अधूनमधून जीव जात होता. नंतर आलेलं अमिओडॅरोन ताल राखण्यात सर्वांत प्रभावी ठरलं, पण ते थायरॉइड, फुप्फुसं आणि यकृतावर लक्ष ठेवूनच द्यावं लागतं.

तेव्हा थेट प्रश्न विचारला गेला. ताल आणण्याच्या मागे लागायचं, की डिगॉक्सिन किंवा बीटा-ब्लॉकर देऊन नाडी संथ ठेवायची आणि बेताल तर बेताल चालू द्यायचं? अमेरिका आणि कॅनडातल्या ४,०६० रुग्णांवरची ॲफर्म ही चाचणी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ताल राखलेल्या गटात मृत्यू कमी झाले नाहीत. आकडा थोडा चढाच होता. तिच्यातला सर्वांत बोलका भाग तळाशी होता. दोन्ही गटांत पक्षाघात जवळपास सारखेच झाले आणि त्यातले बहुतेक अशा रुग्णांना झाले ज्यांचं वॉरफरिन थांबलेलं होतं किंवा अपुरं पडत होतं. ताल आला, आता रक्त पातळ करायची गोळी कशाला, असं रुग्णाला वाटलं, डॉक्टरलाही वाटलं. नाडी सरळ लागत होती आणि गुठळी होत होती. वेंकेबाखच्या खोलीत न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नव्वद वर्षांनी असं समोर आलं.

तेव्हापासून दोन निर्णय वेगळे घेतले जाऊ लागले. रक्त पातळ करायचं की नाही, हे धडधड किती होते यावरून ठरत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा अशक्तपणा, रक्तवाहिन्यांचा आजार, आधी होऊन गेलेला पक्षाघात यांना गुण देऊन बेरीज केली जाते. पंचाहत्तरी ओलांडलेली असेल किंवा एकदा पक्षाघात झाला असेल तर प्रत्येकी दोन गुण. स्त्री असण्याचा एक गुण बरीच वर्षं या बेरजेत होता. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तो काढून टाकला. आज नाडी तालात आहे की नाही, याला या बेरजेत जागाच नाही.

आपल्याकडे घराघरांत अडतं ते दुसऱ्याच गोष्टीवर. आजोबा न्हाणीघरात घसरले तर? डोक्यात रक्तस्राव झाला तर? भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. पण तिचंही मोजमाप झालं आहे. १९९९ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी गणित मांडलं: पडून मेंदूभोवती रक्तस्राव होण्याचा धोका वॉरफरिनच्या फायद्यापेक्षा वरचढ ठरायला त्या वृद्धाला वर्षात सुमारे २९५ वेळा पडावं लागेल. हा आकडा कागदावरच्या गणिताचा आहे, प्रत्येक म्हाताऱ्याला तो तसाच लागू होणार नाही. तरी पडण्याच्या भीतीने गोळी बंद करण्याआधी तो ऐकला गेला पाहिजे. रक्तस्रावाचा धोका ज्यांनी वाढतो त्यातल्या बऱ्याच गोष्टी दुरुस्त करता येतात: न आवरलेला रक्तदाब, दारू, सांधेदुखीसाठी मनानेच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या.

वॉरफरिन घेऊन जगणं सोपं नाही, हेही खरं. ठरावीक दिवसांनी रक्त तपासून आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप, दोन ते तीनच्या पट्ट्यात आहे ना हे पाहावं लागतं. मेथी, पालक, शेपू, अळू यांतलं व्हिटॅमिन के औषधाच्या विरोधात काम करतं. पालेभाजी सोडायची नसते, रोजच्या जेवणात ती साधारण सारखी ठेवायची असते. पण पथ्य म्हटलं की आपल्या घरांत भाजीच बंद होते. २००९ मध्ये १८,११३ रुग्णांवरच्या री-लाय चाचणीने डाबिगॅट्रान पुढे आणलं, पाठोपाठ रिव्हारोक्सॅबॅन आणि ॲपिक्सॅबॅन आली. चार नव्या औषधांच्या चाचण्या एकत्र केल्यावर, ७१ हजारांहून अधिक रुग्णांत, मेंदूतला रक्तस्राव वॉरफरिनच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आलेला दिसला. आतड्यातला रक्तस्राव थोडा वाढला. आयएनआरची कटकट गेली. पेटंट संपल्यावर भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किमती उतरल्या. ज्यांना कुठलंच रक्त पातळ करणारं औषध झेपत नाही, त्यांच्यासाठी डाव्या अलिंदाच्या कडेची छोटी पिशवी नळीतून जाऊन बंद करण्याचा पर्यायही आहे. झडप चांगली असलेल्या रुग्णांत दहातल्या नऊ गुठळ्या तिथेच होतात.

तालाचा प्रश्न मात्र संपला नाही, आणि संपायला नकोही होता. ज्याला दोन पावलं चालताना धाप लागते त्याला तुमचा मृत्यूचा धोका तेवढाच आहे असं सांगून घरी पाठवणं हा न्याय नव्हे. सेंट लुईसच्या जेम्स कॉक्सने २५ सप्टेंबर १९८७ रोजी अलिंदात नेमक्या जागी छेद देऊन, पुन्हा शिवून, भरकटलेल्या लहरींच्या वाटा बंद करणारी शस्त्रक्रिया केली. ती परिणामकारक होती, पण छाती उघडावी लागायची. खरं वळण १९९८ मध्ये बोर्दोच्या मिशेल हेसागेर यांनी आणलं. ४५ रुग्णांमध्ये झटका सुरू करणारे ६९ बिंदू त्यांनी शोधले आणि त्यातले ९४ टक्के फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांमध्ये निघाले. तोवर सगळे अलिंदात शोधत होते. ठिणगी शेजारच्या शिरांमधून येत होती. मांडीच्या शिरेतून नळी घालून त्या शिरांच्या तोंडाशी उष्णतेने किंवा गोठवून कडं करायचं, म्हणजे ॲब्लेशन, ही आज जगभर रुळलेली पद्धत त्यातून उभी राहिली. विजेच्या अतिसूक्ष्म काळाच्या स्पंदांनी तेच करणाऱ्या नव्या तंत्राला अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये पहिली मान्यता मिळाली.

ॲब्लेशनने आयुष्य वाढतं का? २०१९ च्या कबाना चाचणीत, २,२०४ रुग्णांमध्ये, मृत्यू, पक्षाघात वगैरेंच्या एकत्रित आकड्यात औषधांपेक्षा निर्णायक फरक पडला नाही. जगणं सुसह्य झालं, हे मात्र नक्की दिसलं. हृदय अशक्त झालेल्या रुग्णांचं चित्र वेगळं आहे. त्यांच्यात २०१८ च्या चाचणीने मृत्यूही कमी झालेले दाखवले. २०२० मध्ये युरोपातल्या २,७८९ रुग्णांच्या चाचणीने आणखी एक भर घातली: आजार ओळखल्यापासून वर्षभराच्या आत तालासाठी प्रयत्न केले आणि रक्तही पातळ ठेवलं, तर फायदा होतो. ॲडलेडच्या अभ्यासात वजन दहा टक्क्यांनी उतरवून ते राखणाऱ्यांत ताल टिकण्याची शक्यता सहापट निघाली. कुठल्याही कॅथ लॅबमध्ये न मिळणारा हा उपाय अनेकदा शेवटी सांगितला जातो. तो पहिल्या भेटीत सांगितला गेला पाहिजे.

हे सगळं झडप शाबूत असलेल्यांचं. भारतात एएफची एक वेगळी, तरुण बाजू आहे. लहानपणी स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंनी घसा सुजतो, काही मुलांना त्यातून संधिवाताचा ताप येतो आणि डाव्या अलिंदाखालची मायट्रल झडप हळूहळू आवळत जाते. दिल्लीच्या एम्समधल्या सुजॉय रॉय आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये लान्सेटमध्ये दाखवलं की पाश्चात्त्य देशांत ज्याला दशकं लागतात तो झडपेचा अरुंदपणा भारतात विशीच्या आतच येतो. अडलेल्या रक्ताने डावं अलिंद फुगतं आणि थरथरू लागतं. रुग्ण बहुधा तिशी-चाळिशीतली बाई असते, घर आणि शेत दोन्ही सांभाळणारी. अनेकदा गरोदरपणात पहिल्यांदा दम लागल्यावर आजार उघड होतो. बर्नलीत मॅकेन्झीला हादरवणारा प्रसंग आपल्या सरकारी रुग्णालयांतले डॉक्टर आजही पाहतात. फुग्याने झडप उघडता येते. एएफ मात्र पुष्कळदा राहतो.

नव्या गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांतून मध्यम किंवा तीव्र मायट्रल अरुंदपणाचे रुग्ण वगळलेले होते. श्रीमंत देशांत असे रुग्ण फारसे उरले नव्हते. मग आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतल्या २४ देशांत इन्व्हिक्टस चाचणी झाली. तिच्या प्रमुखांत एम्सचे गणेशन कार्तिकेयन होते. ४,५३१ रुग्ण, सरासरी वय साधारण पन्नास, शंभरात बहात्तर स्त्रिया. नवी गोळी रिव्हारोक्सॅबॅन एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला वॉरफरिन किंवा त्याच्यासारखं जुनं औषध. आपल्याकडे असिट्रॉम या नावाने ओळखलं जाणारं असिनोकुमारॉल त्याच कुळातलं. नवी गोळी निदान बरोबरीची ठरेल असा बहुतेकांचा कयास होता.

२०२२ मध्ये निकाल लागला तो उलटा. पक्षाघात, गुठळी, हृदयविकाराचा झटका किंवा मृत्यू यांपैकी काही ना काही नव्या गोळीच्या गटात ५६० जणांना भोगावं लागलं, जुन्या औषधाच्या गटात ४४६ जणांना. तेही आयएनआर योग्य पट्ट्यात ठेवणं दोन-तृतीयांश रुग्णांतही साधलेलं नसताना. म्हणून अरुंद मायट्रल झडपेच्या रुग्णाला आजही जुनीच गोळी आणि रक्ताची नियमित तपासणी सांगितली जाते, आणि ती तपासणी तालुक्याच्या गावी मिळते की जिल्ह्याला जावं लागतं यावर पुष्कळ काही अवलंबून असतं. या निकालातली गाठ अजून सुटायची आहे. जुन्या औषधाच्या गटात जे मृत्यू टळले त्यातले बहुतेक पक्षाघाताचे नव्हते. अचानक हृदय थांबून किंवा ते पंप म्हणून निकामी होऊन येणारे मृत्यू तिथे कमी झाले होते. गुठळीविरुद्ध दिलेलं औषध तिथे कसं उपयोगी पडलं, की दर महिन्याला आयएनआरसाठी दवाखान्यात यावं लागल्याने त्या रुग्णांकडे अधिक लक्ष गेलं, यावर संशोधकांचा वाद चालू आहे.